मोबाईल यार्ड रॅम्प: टनेज नंतर विचारा, आधी लांबी विचारा

मोबाईल रॅम्प घ्यायचा विषय निघाला की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती टनाचा आहे? आठ, दहा, बारा, आणि मग आकडा जितका मोठा तितका रॅम्प भारी असं धरून चालतात. आमच्याकडे ट्रक आणि कंटेनर दोन्हीची चढउतार आता रॅम्पवरूनच होते, ऊन पाऊस सगळं त्याने बघितलंय, त्यामुळे मनापासून सांगतो, टनेजचा आकडा प्लेटवर लिहिलेला असतो, तो कोणीही वाचेल, पण रॅम्प रोज वापरात राहणार का यार्डाच्या कोपऱ्यात गंजत पडणार हे ठरतं त्याच्या लांबीवर आणि वरच्या टोकाच्या सपाट भागावर. या दोन गोष्टी बरोबर निघाल्या तर खरंच खूप कामाची वस्तू आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोखंडी पूल समजा, खाली दोन सॉलिड टायर, एक टोक जमिनीला टेकलेलं, दुसरं टोक हायड्रॉलिक हातपंपाने वर-खाली होतं आणि ट्रकच्या हौद्यावर किंवा कंटेनरच्या दारात बसतं. फोर्कलिफ्ट जमिनीवरून चढते, सरळ आत जाते, पॅलेट (माल रचलेली फळ्यांची चौकट) उचलते आणि रिव्हर्समध्ये खाली येते. ज्या गोडाऊनला मालधक्का नाही, फ्लोअर जमिनीच्या लेव्हललाच आहे, तिथे हा धक्क्याचं काम करतो, आणि धक्का काही उचलून दुसऱ्या दाराशी नेता येत नाही, हा नेता येतो.

उघड्या ट्रकला रॅम्प नसला तरी एक वेळ निभावतं, बाजूचा फाळका पाडला की फोर्कलिफ्ट दोन्ही बाजूंनी माल घेते. खरी गरज कंटेनरला. कंटेनरला दार एकच, तेही मागे. ट्रेलरवर चढवलेल्या कंटेनरचं फ्लोअर जमिनीपासून साधारण 1.2 ते 1.5 मीटर उंच, आत 20 फुटीला साधारण 5.9 मीटर खोली, 40 फुटीला 12 मीटर, रुंदी 2.35 मीटरच्या आसपास. जमिनीवर उभ्या फोर्कलिफ्टचा हात दारातल्या पहिल्या रांगेपर्यंतच पोचतो, मागचा सगळा माल कसा काढायचा? मग कोणीतरी पॅलेटला चेन बांधून फोर्कलिफ्टने ओढायला लागतं. हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो आणि मला तो अजिबात पटत नाही, कारण ताणलेली चेन सुटली किंवा पॅलेटची फळी निघाली तर समोरच्या माणसाला पळायला जागा नसते, आणि मालही ओढून ओढून खालून फाटतो ते वेगळंच. हमाल लावून एकेक नग हाताने काढायचा तर उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये माणसांचे काय हाल होतात ते आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रॅम्प आल्यावर आमच्याकडे सगळ्यात आधी हे थांबलं, आणि वेळ वाचतो त्यापेक्षा मला ह्याचं जास्त समाधान आहे.

आता लांबीकडे येतो, कारण खरेदी करताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रॅम्पच्या पत्रकात एकूण लांबी दिलेली असते, त्यातून वरचा सपाट भाग वजा करायचा, उरला तो चढ. समजा एकूण 12 मीटर, वरचा सपाट तुकडा 2.5 मीटर, म्हणजे चढ 9.5 मीटर. कंटेनरचं फ्लोअर 1.3 मीटर उंच धरलं तर चढ जवळपास 14 टक्के, कोनात सांगायचं तर 8 अंश. तेच कोणी स्वस्तात बसतोय म्हणून 7 मीटरच्या चढाचा छोटा रॅम्प घेतला तर तोच चढ 19 टक्क्यांच्या घरात जातो. कागदावर पाचच टक्क्यांचा फरक वाटतो पण फोर्कलिफ्टच्या सीटवर बसून बघा. लोडसकट 6 टनांचं मशीन 14 टक्के चढावर साधारण 830 किलोच्या जोराने मागे ओढलं जातं, 19 टक्क्यांवर हाच जोर 1100 किलोच्या वर जातो, आणि हे सगळं दोन पुढच्या चाकांच्या पकडीवर, कारण नेहमीच्या फोर्कलिफ्टला ड्राइव्ह पुढच्याच चाकांना असतं. तुलनेला म्हणून सांगतो, युरोपात पक्क्या डॉक लेव्हलरसाठी (धक्क्यावर बसवलेली, गाडीच्या उंचीला वर-खाली होणारी पाटी) ईएन 1398 नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात कामाचा उतार 12.5 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय. मोबाईल रॅम्प त्याच्यापेक्षा थोडा उभा असणारच, जागेची अडचण असते, पण थोडा म्हणजे थोडा.

म्हणून विकणाऱ्याला विचारा, माझ्या सगळ्यात उंच गाडीला चढ किती टक्के येईल? उत्तर टक्क्यांत किंवा अंशात मागा, "आरामात चढते साहेब" हे उत्तर नाही. मग तो आकडा आपल्या फोर्कलिफ्टच्या डेटा शीटमधल्या लोडसकटच्या ग्रेडेबिलिटीशी, म्हणजे मशीन किती टक्के चढ चढू शकतं त्या आकड्याशी, लावून बघा. डिझेल मशीनला सहसा अडचण येत नाही. बऱ्याच इलेक्ट्रिक मशीनचा लोडसकटचा आकडा मात्र 15 टक्क्यांच्या आसपासच असतो आणि तोही थोड्या वेळासाठी, सलग चढउतार केली की मोटर तापते, कंट्रोलर स्पीड कमी करतो, ऑपरेटर वैतागतो आणि दोष रॅम्पला जातो.

वरचा सपाट भाग. हा नसलेले सरळ पट्टीसारखे रॅम्प पण मिळतात, थोडे हलके, थोडे स्वस्त. कंटेनरसाठी घेत असाल तर कृपा करून घेऊ नका. दारातली शेवटची रांग उचलताना फोर्कलिफ्ट अजून रॅम्पवरच उभी असते. चढावर उभी असेल तर फोर्क (पुढचे दोन लोखंडी हात) 8 अंश वर बघतायत, मास्ट (फोर्क ज्यावर वर-खाली होतात तो उभा सांगाडा) पुढे झुकतो साधारण 6 अंश, म्हणजे पूर्ण झुकवला तरी फोर्क काही सपाट होत नाहीत, पॅलेटच्या खाचेत शिरताना वरच्या फळीला भिडतात. कसंबसं घातलं तर बाहेर काढताना पुढचा भाग उचललेला असल्यामुळे मालाचं वरचं टोक कंटेनरच्या दाराच्या वरच्या पट्टीला लागतं. शिवाय चढ जिथे एकदम संपतो तिथे फोर्कलिफ्टचं पोट टेकण्याची भीती, मास्टखाली जमिनीपासून जेमतेम दहा-बारा सेंटीमीटर अंतर असतं. 2.5 टनी फोर्कलिफ्ट फोर्क सोडून साधारण अडीच मीटर लांब, तेव्हा सपाट भाग कमीत कमी तेवढा हवाच, म्हणजे पूर्ण मशीन लेव्हलला येऊन मग आत हात घालतं. आमच्या रॅम्पला तो आहे आणि ऑपरेटर लोक सगळ्यात जास्त ह्याच्यावरच खूश आहेत.

यात एक बारीक गोष्ट आहे जी विकणारे सहसा बोलत नाहीत. हा सपाट भाग चढाच्या भागाला ठरावीक कोनात वेल्ड केलेला असतो, त्यामुळे तो तंतोतंत सपाट एकाच उंचीला असतो. गाडी त्यापेक्षा खाली असली की तो पुढे झुकतो, उंच असली की मागे. फरक एखाद-दुसऱ्या अंशाचा असतो, काम अडत नाही, पण कुठल्या उंचीला सपाट बनवलाय हे विचारून घ्या आणि ती उंची तुमच्याकडे जास्त येणाऱ्या गाड्यांची असू द्या. तुमच्याकडे बहुतेक कंटेनर येत असतील आणि रॅम्प एक मीटर उंचीच्या ट्रकसाठी जुळवलेला असेल तर रोज थोडा थोडा त्रास.

आता टनेज, ते सोडून कसं चालेल. इथे हिशोब फक्त मालाचा करून चालत नाही, फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन, ऑपरेटर, अटॅचमेंट आणि माल असं सगळं धरायचं. 2.5 टन उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतः साडेतीन ते चार टनांची असते, कारण मागे काउंटरवेट, म्हणजे तोल राखायचं वजन. त्यावर अडीच टन माल, म्हणजे सहा-साडेसहा टन. 6 टनी रॅम्प इथेच बाद. आठ टन ठीक, दहा टन घेतला तर पुढे तीन टनी मशीन आणलं तरी चिंता नाही. आणि हे वजन सगळ्या रॅम्पभर पसरत नाही, लोड घेतलेल्या फोर्कलिफ्टचं 85 ते 90 टक्के वजन पुढच्या एक्सलवर येतं, तेव्हा एक्सल लोड किती चालतो तेही विचारा, नुसती एकूण क्षमता पुरेशी नाही.

हाच एक्सल लोडचा मुद्दा कंटेनरच्या फ्लोअरलाही लागू होतो आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. कंटेनरचं फ्लोअर म्हणजे साधारण 28 मिलीमीटर जाड प्लायवूड, खाली स्टीलचे आडवे क्रॉस मेंबर. आयएसओच्या टेस्टमध्ये हे फ्लोअर बरीच वर्षं 5460 किलो एक्सल लोडला तपासलं जायचं, नंतर तो आकडा 7260 किलो झाला. 2.5 टनी फोर्कलिफ्ट पूर्ण लोडवर असली की पुढच्या एक्सलवर साधारण साडेपाच टन येतात, म्हणजे जुन्या कंटेनरला ती अगदी काठावर आहे. त्याच्यापेक्षा मोठं मशीन आत घालायचं तर रॅम्प कितीही टनाचा असो, कंटेनरला विचारायला हवं. कुजलेलं, ओलं होऊन फुगलेलं प्लायवूड दिसलं तर आम्ही मशीन आत पाठवतच नाही, आधी टॉर्च मारून फ्लोअर बघायचं हा नियम आहे.

फोर्कलिफ्टचा मास्टही बघून घ्या रॅम्प ऑर्डर करायच्या आधी. साध्या कंटेनरच्या दाराची उंची साधारण 2.28 मीटर, हाय क्यूब म्हणजे उंच कंटेनरची 2.58 च्या आसपास. तुमच्या मशीनचा मास्ट खाली असताना 2.1 मीटरच्या आसपास असेल तर बरं, आणि फुल फ्री लिफ्ट असलेला असेल तर फारच बरं, म्हणजे आतला मास्ट वर न जाता फोर्क वर जातात, छताला धडक नाही. साधा मास्ट असेल तर खालची रांग निघेल, वरची रांग उचलायला गेलं की छत. रॅम्प आणला आणि फोर्कलिफ्टच आत जाईना असं झालेली गोडाऊनं आहेत. डिझेल किंवा गॅसचं मशीन असेल तर 40 फुटी कंटेनरच्या आतल्या टोकाला धूर साठतो, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही म्हणून तो जास्त वाईट, आत माणूस उभा करून मशीन रेस करत ठेवायचं नाही. कंटेनरचं काम रोजचं असेल तर इलेक्ट्रिक मशीन आणि लांब रॅम्प ही जोडी सगळ्यात चांगली, माझं तरी हेच मत.

लावायला किती त्रास? सवय झाली की काहीच नाही. फोर्कलिफ्टने रॅम्पचं खालचं टोक उचलायचं, रॅम्प आपल्या दोन चाकांवर फिरतो, गाडीच्या मागे सरळ रेषेत आणायचा. कंटेनरची दारं मात्र आधीच उघडून, पूर्ण फिरवून बाजूला हुकला अडकवून घ्यायची, रॅम्प लागल्यावर ती उघडत नाहीत. आणि दारं उघडताना समोर उभं राहायचं नाही, आतला माल प्रवासात सरकून दाराला टेकलेला असू शकतो, उजवं दार आधी हळूच सैल करायचं, बाजूला उभं राहून. मग हातपंप मारून लिप, म्हणजे रॅम्पच्या वरच्या टोकाची पट्टी, फ्लोअरपेक्षा थोडी वर घ्यायची, रॅम्प पुढे सरकवायचा, व्हॉल्व्ह सोडून लिप हळूच फ्लोअरवर बसवायची. लिपची पूर्ण रुंदी फ्लोअरवर टेकली पाहिजे, एक कोपरा अधांतरी नको.

आणि मग चेन. सगळ्यात कमी कौतुक होणारी आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे रॅम्पच्या दोन बाजूच्या चेन. फोर्कलिफ्ट आत शिरताना ब्रेक मारते तेव्हा गाडी पुढे ढकलली जाते, आणि बाहेर निघताना रिव्हर्सला रेस देते तेव्हाही चाकं फ्लोअरला पुढेच ढकलतात. म्हणजे प्रत्येक खेपेला गाडी रॅम्पपासून इंचभर, अर्धा इंच लांब जायला बघते, आणि तासाभराने लिप काठावर लटकलेली असते. चेन गाडीच्या चेसिसच्या मजबूत भागाला अडकवून ताणून घ्यायच्या, कंटेनरच्या दाराच्या लॉकिंग बारला अजिबात नाही, तो त्या कामासाठी नाहीच. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक, आणि गाडीची चावी आमच्या टेबलावर. ड्रायव्हरला राग येतो कधीकधी, पण माल उतरवून झाला असं समजून ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली आणि फोर्कलिफ्ट आत होती हा अपघात या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेला आहे, त्यामुळे चावीच्या बाबतीत आम्ही कोणाचं ऐकत नाही.

ट्रेलरचं हेड, म्हणजे तो ओढणारी पुढची गाडी, काढून नेलेलं असेल तर अजून एक भानगड. फोर्कलिफ्ट आतल्या टोकाला गेली की ट्रेलरचं नाक खाली बसू शकतं, पुढचे लँडिंग लेग वाकू शकतात. उलट लांब ट्रेलरवर 20 फुटी कंटेनर अगदी मागे ठेवलेला असेल तर मागे वजन पडल्यावर नाक वर उचलू शकतं. आम्ही हेड जोडलेलं असल्याशिवाय काम सुरू करत नाही, आणि नाइलाज असेल तर नाकाखाली स्टँड. एअर सस्पेन्शनच्या गाड्या वजन आत आलं की खाली बसतात, बाहेर गेलं की वर येतात, त्या वेळी लिप फ्लोअरसोबत हलती राहिली पाहिजे. आमच्या रॅम्पची राहते, पण पहिल्या दोन-चार पॅलेटनंतर खाली उतरून लिप बघून यायची सवय ऑपरेटरला लावलेली आहे.

चालवायचा नियम एकच पाठ करून घ्यायचा. लोड असेल तर माल कायम चढाच्या बाजूला, म्हणजे वर जाताना तोंड पुढे, खाली येताना रिव्हर्स. अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षा खात्याच्या) 1910.178 या नियमातही 10 टक्क्यांच्या वरच्या चढावर हेच लिहिलंय, आणि आपला रॅम्प 10 च्या वरच असतो. रिकामं मशीन असेल तर उलटं, फोर्क उताराच्या बाजूला, कारण तेव्हा वजन काउंटरवेटमध्ये असतं. रॅम्पवर वळायचं नाही, थोडंसुद्धा नाही, बाजूला 15-20 सेंटीमीटरची कड असते ती चाक सरकलं तर अडवायला, आडवं झालेलं मशीन काही ती थांबवणार नाही. मशीन वर असताना रॅम्पवरून चालत जायचं नाही. हे शेवटचं पाळून घ्यायला सगळ्यात जड जातं, कारण आतल्या माणसाला बाहेर यायला दुसरा रस्ताच नसतो, मग हॉर्न आणि हाक, मशीन खाली उतरून उभं राहिल्यावरच माणूस निघतो.

हँड पॅलेट ट्रक (पॅलेट हाताने ओढायची छोटी गाडी) घेऊन रॅम्पवर जायचं का असं बरेच जण विचारतात. नाही. टनभर माल 14 टक्के उतारावर जवळपास 140 किलोच्या जोराने ओढतो, हाताने धरून ठेवणं शक्यच नाही, आणि छोटी चाकं रॅम्पच्या लोखंडी जाळीत अडकतात. बॅटरीवाले पॅलेट ट्रक सुद्धा चढ संपतो तिथे पोट टेकवतात. रॅम्प फोर्कलिफ्टसाठी आहे.

अर्धा मार्क कापला तो इथे. एक, जागा खातो. 12 मीटरचा रॅम्प, समोर 16 मीटरचा ट्रेलर, आणि फोर्कलिफ्टला रॅम्पवर सरळ रेषेत चढायला खाली पाच मीटर, झाले तेहतीस, आणि हे सगळं एका रेषेत लागतं. यार्ड तिरकं असेल, मध्ये खांब असेल तर आधी खडूने आखून बघा. दोन, जमीन. खाली काँक्रीट किंवा पक्का डांबरी थर हवा, मुरुमाच्या जमिनीत रॅम्पची चाकं रुततात आणि रॅम्प एका बाजूला कलतो, कललेल्या रॅम्पवर वर उचललेला माल घेऊन जाणं म्हणजे मशीन आडवं पाडायचा हमखास मार्ग. यार्डाला पाण्यासाठी आडवा ढाळ असेल तर ढाळाच्या दिशेने लावा, आडवा लावू नका. तीन, आवाज. जाळीवरून सॉलिड टायरचं मशीन गेलं की खडखडाट होतो, शेजारी ऑफिस असेल तर लोक तक्रार करतात. चार, हातपंप. रोज वेगवेगळ्या उंचीच्या गाड्या येत असतील तर पंप मारून हात भरून येतात, बॅटरीवर चालणारा पंप घेता आला तर घ्या, मला पुन्हा घ्यायचा झाला तर तोच घेईन.

सर्व्हिसबद्दल पण लिहितो. काही महिन्यांत एका सिलिंडरचा ऑइल सील गळायला लागला, साधी वस्तू आहे, पण सप्लायरकडून सील यायला इतका वेळ गेला की मधल्या काळात रॅम्प बंद ठेवावा लागला. त्यामुळे घेतानाच सीलचा एक सेट, एक पंप किट आणि चेनचे हुक सोबत मागून घ्या, सीलचा साइज लिहून भिंतीवर लावा, चांगला हायड्रॉलिकवाला कुठेही सापडतो पण साइज हाताशी असला की काम लवकर होतं. बाकी बांधणीबद्दल तक्रार नाही. गॅल्व्हनाइज केलेला आहे, जाळीची पकड चांगली, पाणी आणि चिखल खाली पडतो त्यामुळे पावसातही वरचा भाग घसरत नाही. घसरतो तो फक्त खालचा पहिला पत्रा जिथे जाळी नसते, तिथे ओल्या टायरने चाक फिरतं, तो कोरडा ठेवणं आणि त्यावर खडबडीत पट्टी लावणं हाच उपाय. कंटेनरच्या आत उजेड पाडणारा दिवा मशीनच्या मास्टच्या बाजूला लावा, नाहीतर बाहेरच्या प्रखर उजेडातून आत गेल्यावर ऑपरेटरला दोन क्षण काहीच दिसत नाही.

कोणी घ्यावा? आठवड्यातून एखादाच कंटेनर येत असेल तर आतमध्ये हँड पॅलेट ट्रक ठेवून माल दारापर्यंत आणायचा आणि खालून फोर्कलिफ्टने घ्यायचा, एवढ्यात भागतं, फक्त दाराशी पॅलेट थांबवायला ठोकळा ठेवा. पॅलेट ट्रक आत चढवायलाही फोर्कलिफ्टच वापरायची. सिझर लिफ्ट टेबल मिळतं, जागा कमी लागते, पण एका वेळी एक पॅलेट आणि प्रत्येक वेळी वर-खाली, वेळ फार जातो. इमारत स्वतःची असेल, दारं ठरलेली असतील आणि दिवसभर गाड्या लागत असतील तर सरळ खोदकाम करून धक्का आणि डॉक लेव्हलर करा, त्याच्यापुढे कुठलाही मोबाईल रॅम्प कमीच, चढच नाही म्हटल्यावर स्पीड वेगळाच. मोबाईल रॅम्प मधल्या लोकांचा. भाड्याचं गोडाऊन, जमिनीच्या लेव्हलचं फ्लोअर, रोज दोन-चार कंटेनर, आज ह्या दाराला उद्या त्या दाराला, आणि उद्या जागा बदलली तर सोबत नेता यावा अशी इच्छा. अशा ठिकाणी ह्याला पर्याय नाही.

सेकंड हँड बघत असाल तर भरपूर मिळतात आणि चांगले पण मिळतात, फक्त बघायचं कुठे ते सांगतो. रंगाकडे बघू नका, नवा रंग असेल तर उलट जास्त बारीक बघा. चढ आणि सपाट भाग जिथे जुळतात त्या वाकावरची वेल्डिंग खालून झोपून बघा, भेगा पहिल्यांदा तिथेच येतात, आणि केसासारखी भेग दिसली तरी सोडून द्या. जाळीचे गज वाकलेले आहेत का, लिपची कडा झिजून धार आलीय का, चाकांचं रबर सुटलंय का. सिलिंडरचा रॉड पूर्ण बाहेर काढायला लावा, त्यावर ओरखडे किंवा गंजाचे खड्डे असतील तर सील कितीही वेळा बदला गळणारच. मग रॅम्प वर उचलून व्हॉल्व्ह बंद करायला सांगा, उंची टेपने मोजून घ्या, चहा वगैरे घेऊन अर्ध्या तासाने परत मोजा, खाली आला असेल तर हायड्रॉलिकचा खर्च धरूनच भाव ठरवा. क्षमतेची प्लेट जागेवर नसेल, नुसतं तोंडी दहा टन सांगत असतील, तर मी तरी घेणार नाही.